कर्नलमध्ये ट्रेसिंग बसवताना क्रम चुकला की मशीन लटकते

परवा रात्री साडेअकराला विजयनगरहून फोन. "दादा, ट्रेसर चालू केला आणि मशीन लटकली, माउससुद्धा हलेना." मी विचारलं फिल्टर काय लावला होतास, तर पलीकडे शांतता. मग हळूच, "फिल्टर लावायचा असतो का?" या वर्षातला हा चौथा फोन, आणि चौघांचीही चूक हीच किंवा हिचीच मावसबहीण. म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहूनच काढतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ट्रेसर म्हणजे त्याच्या आत काय कधी चाललं ते नोंदवणारं हत्यार, आणि फिल्टर म्हणजे त्यातलं नेमकं काय नोंदवायचं ते सांगणं.

आधी एक सांगतो. खाली कमांड, फाइली, मॅक्रो सगळं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे टाकायचे. फाइलींची नावं लहान अक्षरांत, कॉन्फिगचे ऑप्शन मोठ्या अक्षरांत, मॅक्रोंची अक्षरं मात्र टप्पा ८ मधल्या नमुना हेडरमध्ये आहेत तशीच. उदाहरणं लिनक्सची, उबुंटूसारखा डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) धरून.

## टप्पा १: प्रश्न आधी कागदावर

हसू नका, खरंच कागदावर लिहा. "सिस्टिम स्लो का आहे" हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे, आणि तक्रारीवर ट्रेसर लावला की लाखो ओळींचा ढिगारा मिळतो आणि त्यात माणूस हरवतो.

पीथमपूरच्या एका कारखान्यात एक छोटा कंट्रोल बॉक्स होता, चार कोअरचा, त्याच्या सीरियल पोर्टवर सेन्सरचा डेटा ११५२०० बॉडने यायचा आणि अधूनमधून त्यातले काही बाइट गायब व्हायचे. आम्ही दोन दिवस "डेटा का हरवतो" म्हणत बसलो आणि काही हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रश्न बदलला: सीपीयू शून्यवर इंटरप्ट सलग किती वेळ बंद राहतात आणि ते कोण बंद ठेवतं? (इंटरप्ट म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक, ती बंद असताना आलेला डेटा उचलला जात नाही.) हा प्रश्न लिहिल्यावर कुठला ट्रेसर लागणार ते आपोआप ठरलं. हेच उदाहरण पुढे वापरतो.

प्रश्नावरून हत्यार साधारण असं ठरतं. एखादं फंक्शन कोणाला बोलावतं आणि किती वेळ खातं हे हवं असेल तर फंक्शन_ग्राफ. इंटरप्ट किंवा प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून दुसरं घेणं) किती वेळ बंद होतं हे हवं तर आयआरक्यूएसऑफ आणि प्रीएम्प्टऑफ. कोणती प्रोसेस कधी उठली आणि कधी झोपली, तर शेड गटातले तयार इव्हेंट. फंक्शनला आलेली एखादी व्हॅल्यू बघायची तर केप्रोब, म्हणजे चालू कर्नलच्या फंक्शनवर बसवायची तात्पुरती तपासणी. आणि तुमच्याच ड्रायव्हरच्या आत कायमची खिडकी हवी असेल तरच स्वतःचा ट्रेसपॉइंट, म्हणजे कोडमध्येच लिहून ठेवलेली नोंदीची जागा.

## टप्पा २: नवीन कर्नल खरंच हवा का?

निम्मे लोक इथेच वाया जातात. रात्रभर कर्नल बिल्ड करतात आणि सकाळी कळतं की जे हवं होतं ते डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये आधीपासून होतंच.

रूट शेल उघडा आणि /सिस/कर्नल/ट्रेसिंग या फोल्डरमध्ये जा. रिकामा दिसला तर माउंट करा: माउंट -टी ट्रेसएफएस नोडेव्ह /सिस/कर्नल/ट्रेसिंग. जुन्या लेखांमध्ये /सिस/कर्नल/डीबग/ट्रेसिंग हा रस्ता दिसेल, कर्नल ४.१ च्या आधी तोच होता. आता अव्हेलेबल_ट्रेसर्स ही फाइल कॅट करा. फंक्शन_ग्राफ, फंक्शन आणि नॉप (म्हणजे कुठलाच ट्रेसर चालू नाही) दिसले तर फंक्शन ट्रेसिंग तुमच्याकडे आहे. केप्रोब_इव्हेंट्स नावाची फाइल दिसली तर केप्रोबही आहे. /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स असेल (बीटीएफ म्हणजे कर्नलमधल्या डेटा टाइपची माहिती) तर बीपीएफट्रेससारखी ट्रेसिंगची टूलंही नीट चालतील.

मग नवीन कर्नल कधी? आमच्या प्रश्नाला आयआरक्यूएसऑफ ट्रेसर हवा होता, आणि तो बहुतेक डिस्ट्रोंच्या साध्या कर्नलमध्ये बंद असतो, कारण त्याच्यासाठी प्रत्येक इंटरप्ट चालू-बंदच्या जागी जास्तीचा कोड जातो आणि तो ट्रेसर न वापरताही थोडं ओझं टाकतोच. असं काही हवं असेल किंवा कर्नलच्याच कोडमध्ये स्वतःचा ट्रेसपॉइंट घालायचा असेल तरच पुढच्या तीन टप्प्यांकडे वळा. नाहीतर सरळ सहाव्यावर उडी मारा, काही बिघडत नाही.

तपासा: /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन ही फाइल वाचा. चौकटी कंसात कॉन्फिडेन्शियालिटी दिसत असेल तर ट्रेसएफएस (हाच ट्रेसिंग फोल्डर) आणि केप्रोब दोन्ही अडवले जातात, मग तुम्ही रूट असलात तरी "परवानगी नाही" असंच येणार. तासभर परमिशन बदलत बसू नका.

## टप्पा ३: तयारी

जागा. डीबग माहितीसकट कर्नल बिल्ड केला तर फोल्डर वीस-पंचवीस जीबी सहज खातो, मी नेहमी चाळीस मोकळी ठेवतो. आणि /बूट वेगळं पार्टिशन असेल तर तिथली जागा वेगळी बघा, नेमकी तीच विसरली जाते.

पॅकेजेस. बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, एनकर्सेस, ओपनएसएसएल आणि लिबएल्फच्या डेव्ह फाइली, आणि ड्वार्व्ज. हे ड्वार्व्ज लोक हमखास सोडतात, त्यात पाहोल नावाचं टूल असतं आणि त्याच्याशिवाय बीटीएफ बनत नाही. ते कॉन्फिगच्या आधी बसवा, नंतर नाही, कारण नव्या कर्नलमध्ये पाहोल सापडलं नाही तर बीटीएफचा ऑप्शन न सांगता गायब होतो आणि तुम्ही मेन्यूमध्ये शोधत राहता.

मशीन. पहिल्यांदा करताय तर व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. क्यूएमूमध्ये कर्नल लटकला तर खिडकी बंद करायची, विषय संपला. ऑफिसच्या लॅपटॉपवर लटकला तर दुसऱ्या दिवशीची मीटिंग फोनवरून करावी लागते, हे अनुभवाने सांगतोय.

सिक्युअर बूट. आपण बिल्ड केलेल्या कर्नलवर सही नसते, त्यामुळे बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रब हा बूटलोडर "बॅड शिम सिग्नेचर" म्हणून तोंडावर दार लावतं. टेस्ट मशीनवर ते बंद करा किंवा स्वतःची की नोंदवून सही करा, पण हे आधी ठरवा.

थांबा: चालू असलेला जुना कर्नल काढायचा नाही. ग्रबचा मेन्यू लपलेला असेल तर त्याचा टाइमआउट निदान दहा सेकंद करून अपडेट-ग्रब चालवा, म्हणजे नवीन कर्नल बूट झालाच नाही तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना निवडता येतो. हे बिल्डच्या आधी करून बघा, मेन्यू खरंच दिसतो का ते रीस्टार्ट करून.

## टप्पा ४: कॉन्फिग

चालू कर्नलचं कॉन्फिग /बूटमधून कॉपी करून सोर्स फोल्डरमध्ये .कॉन्फिग नावाने ठेवा, मग मेक ओल्डडेफकॉन्फिग. आता मेक मेन्यूकॉन्फिग, त्यात कर्नल हॅकिंग आणि त्याच्या आत ट्रेसर्स. इथे फंक्शन ट्रेसर, फंक्शन ग्राफ ट्रेसर, डायनॅमिक एफट्रेस, सिसकॉल ट्रेस, केप्रोब इव्हेंट्स हे चालू असल्याची खात्री करा. केप्रोब्स हा मूळ ऑप्शन मात्र इथे नाही, तो जनरल आर्किटेक्चर-डिपेंडंट ऑप्शन्समध्ये आहे, त्यामुळे "केप्रोब इव्हेंट्स दिसतच नाही" म्हणणारे बहुतेक तिथे गेलेलेच नसतात.

डायनॅमिक एफट्रेस (एफट्रेस म्हणजे कर्नलची स्वतःची ट्रेसिंगची सोय) बंद ठेवून फंक्शन ट्रेसर चालू करू नका. डायनॅमिक एफट्रेस चालू असेल तर बूटच्या वेळी प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीची ट्रेसरला मारलेली हाक नॉपमध्ये (काहीच न करणाऱ्या सूचनेत) बदलली जाते, म्हणजे ट्रेसर बंद असताना खर्च जवळजवळ शून्य. बंद असेल तर प्रत्येक फंक्शनला दर वेळी ती हाक मारावीच लागते.

आमच्यासारखा प्रश्न असेल तर इंटरप्ट्स-ऑफ लेटन्सी ट्रेसर चालू करा. प्रीएम्प्शन-ऑफचा ट्रेसर फक्त प्रीएम्प्शन असलेल्या कर्नलमध्ये दिसतो, सर्व्हर टाइपचं मॉडेल निवडलं असेल तर नाही दिसणार.

काय चालू करायचं नाही तेही ऐका. एफट्रेस स्टार्टअप टेस्ट चालू केला तर प्रत्येक बूटला ट्रेसरच्या चाचण्या चालतात आणि बूट रटाळ होतं. सगळ्या इफ-एल्सचं प्रोफाइलिंग करणारा ऑप्शन तर हातच लावू नका. एकदा एका पोराने "सगळंच वाय करून टाकलं दादा, कधीतरी लागेल" असं केलं होतं (वाय म्हणजे चालू), इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जोशींचा दहीवडा एकदम पोटात टाकल्यावर जे होतं तेच त्या कर्नलचं झालं.

आता दोन उबुंटूवाल्या खोड्या. एक, कॉपी केलेल्या कॉन्फिगमध्ये कॅनॉनिकलच्या सर्टिफिकेटचा रस्ता असतो आणि ती फाइल तुमच्याकडे नसते, त्यामुळे बिल्ड "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून पडतं. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग वापरून सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज डिसेबल करा. दोन, लोकलव्हर्जनमध्ये काहीतरी ओळखू येईलसं लिहा, मी "-ट्रेस१" असं काहीतरी टाकतो. नाहीतर यूनेम -आर केल्यावर कळतच नाही की आपण नव्या कर्नलवर आहोत का जुन्याच.

तपासा: सगळं बदलून झाल्यावर पुन्हा मेक ओल्डडेफकॉन्फिग, आणि मग .कॉन्फिगमध्ये ग्रेप करून प्रत्येक ऑप्शन अजून वाय आहे का बघा. हाताने वाय लिहिलेला ऑप्शन, त्याची अट पुरी होत नसेल तर गुपचूप उडवला जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही.

## टप्पा ५: बिल्ड, इन्स्टॉल, पहिलं बूट

मेक -जे आणि पुढे कोअरची संख्या. पोहे-जलेबी खाऊन या, साध्या लॅपटॉपवर डिस्ट्रोच्या कॉन्फिगने तासभर किंवा जास्त लागतो. मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरलं तर फार लवकर होतं, पण ते फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल ठेवतं, म्हणजे पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल, प्रोजेक्टर जे काही नंतर लावणार ते आधी लावून मग ही कमांड चालवा.

मॉड्यूल बसवताना मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉलच्या बरोबर इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्यायला विसरू नका. हे विसरलात तर डीबग माहितीसकट मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलीत) जातात, ती फाइल शेकडो एमबीची होते, /बूट भरतं आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलवर मशीन बूट होत नाही. टप्पा तीनमध्ये ग्रबचा मेन्यू का उघडून ठेवायला सांगितला ते इथे कळेल. मग मेक इन्स्टॉल.

बूट झाल्यावर यूनेम -आर, मग अव्हेलेबल_ट्रेसर्स. आम्हाला तिथे आयआरक्यूएसऑफ हे नाव दिसलं. करंट_ट्रेसर वाचा, नॉप असायला हवं. पर्फ हे मोजमापाचं टूल वापरणार असाल तर उबुंटूचं पर्फ कर्नलच्या व्हर्जनशी जुळणारं पॅकेज मागतं आणि नव्या कर्नलवर कुरकुर करतं, सोर्समधल्या टूल्स/पर्फमध्ये जाऊन बनवून घ्या.

## टप्पा ६: चालू करायचा क्रम

हाच तो टप्पा, जिथून रात्रीचे फोन येतात. क्रम असा: ट्रेसिंग बंद, बफर, फिल्टर, ट्रेसर, मग ट्रेसिंग चालू. दुसरा कुठलाही नाही.

पहिलं, ट्रेसिंग_ऑनमध्ये शून्य. इथे एक गैरसमज आहे. शून्य टाकलं म्हणजे ट्रेसर बंद झाला असं नाही, फक्त बफरमध्ये लिहिणं थांबतं, प्रत्येक फंक्शनला ट्रेसरची हाक जातच राहते आणि तो भार तसाच राहतो. पूर्ण बंद म्हणजे करंट_ट्रेसरमध्ये नॉप.

दुसरं, बफर, म्हणजे नोंदी साठवायची मेमरी. बफर_साइझ_केबीमध्ये लिहिलेला आकडा प्रत्येक सीपीयूसाठी असतो, सगळ्यांचा मिळून नाही. आठ कोअरच्या मशीनवर "एक जीबी देऊ" म्हणून लिहिलंत तर आठ जीबी रॅम गेली. मी सोळा एमबीपासून सुरू करतो, म्हणजे १६३८४. बफर भरला की जुने इव्हेंट पुसून नवीन येतात, हे चूक नाही, तसंच ठरलेलं आहे, पण काही गेलं का ते पर_सीपीयूखालच्या प्रत्येक सीपीयूच्या स्टॅट्स फाइलीत ओव्हररन नावाच्या ओळीत बघायचं. ओव्हररन मोठा असेल तर तुमचा ट्रेस अर्धा आहे आणि त्यावरून कोणाला दोष देऊ नका.

तिसरं, फिल्टर. अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्समध्ये हजारो नावं असतात, त्यातून ग्रेप करून तुमची निवडा. "इको 'ईएक्सटी४_*' > सेट_एफट्रेस_फिल्टर" असं तारांकन चालतं. एखाद्या मॉड्यूलची सगळी हवी तर ':मॉड:' आणि मॉड्यूलचं नाव. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकेरी बाण आधीचा फिल्टर पुसून नवा लिहितो, दुहेरी बाण जोडतो. आणि यादीत तुमचं फंक्शन सापडलंच नाही तर ते बहुधा इनलाइन झालंय (बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच विरघळलंय), किंवा कंपायलरने त्याच्या मागे .आयएसआरए किंवा .कॉन्स्टप्रॉपसारखी शेपटी लावलीय. शेपटीवालं नाव कॅलसिम्समध्ये (कर्नलमधल्या नावांच्या यादीत) शोधा.

फंक्शन_ग्राफ वापरताना सेट_ग्राफ_फंक्शन वेगळं आहे, त्यात दिलेलं फंक्शन आणि त्याने पुढे बोलावलेलं सगळं दिसतं. मॅक्स_ग्राफ_डेप्थ तीन-चार ठेवा, नाहीतर एका फाइल वाचण्यात स्क्रीनच्या दहा पट झाड उगवतं.

एकाच प्रोसेसपुरतं हवं असेल तर सेट_एफट्रेस_पीआयडी. तिची पोरंही हवीत तर ऑप्शन्समध्ये फंक्शन-फोर्क चालू करा, हे विसरल्यामुळे "माझ्या स्क्रिप्टचं काहीच दिसत नाही" होतं, कारण खरं काम स्क्रिप्ट नाही, तिने सुरू केलेल्या प्रोसेस करत असतात.

चौथं, आता कुठे करंट_ट्रेसर. आणि पाचवं, ट्रेसिंग_ऑनमध्ये एक.

थांबा: "सुडो इको १ > फाइल" लिहून परमिशन डिनाइड आलं म्हणून किती लोक वैतागतात मोजता येणार नाही. सुडो फक्त इकोला मिळतं, बाण तुमचा शेल स्वतःच्या अधिकारात उघडतो. रूट शेलमध्ये जा किंवा "इको १ | सुडो टी फाइल" करा.

वाचताना ट्रेस आणि ट्रेस_पाइप यात गल्लत नको. ट्रेस कितीदाही वाचा, तसाच राहतो. ट्रेस_पाइप वाचलं की तेवढं संपलं, आणि दोन टर्मिनलवर एकदम उघडलंत तर काही ओळी इकडे काही तिकडे.

आता पीथमपूरचं. आम्ही ऑप्शन्स/फंक्शन-ट्रेसमध्ये शून्य टाकलं, कारण नाहीतर आयआरक्यूएसऑफ प्रत्येक फंक्शनही नोंदवत बसतो आणि मोजलेला वेळ ट्रेसिंगमुळेच फुगतो. मग करंट_ट्रेसरमध्ये आयआरक्यूएसऑफ, ट्रेसिंग_मॅक्स_लेटन्सीमध्ये शून्य, आणि सेन्सरचा डेटा सुरू. हा ट्रेसर सगळं साठवत नाही, आतापर्यंतचा सगळ्यात वाईट प्रसंग तेवढा ठेवतो. वीस मिनिटांनी फाइल उघडली तर सात मिलीसेकंदांच्या वर आकडा, सीपीयू शून्य, आणि इंटरप्ट बंद केल्याची जागा सीरियल८२५०_कन्सोल_राइट.

गंमत बघा. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आधी कधीतरी "बाइट हरवतात" म्हणूनच त्यात प्रिंटके (कन्सोलवर संदेश छापणारं कर्नलचं फंक्शन) टाकला होता आणि काढला नव्हता. कर्नलचा कन्सोल दुसऱ्या सीरियल पोर्टवर, तोही ११५२००. त्या वेगाला सेकंदाला ११५२० अक्षरं जातात, म्हणजे ऐंशी अक्षरांची एक ओळ जवळपास सात मिलीसेकंद, आणि तेवढा वेळ त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद. सेन्सरच्या पोर्टाची फिफो (आलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) सोळा बाइटची, ती दीड मिलीसेकंदाच्या आत भरते. एक बाइट हरवला की प्रिंटके, प्रिंटके झाला की आणखी बाइट हरवले, की परत प्रिंटके.

खात्रीसाठी त्याच फंक्शनवर फंक्शन_ग्राफ लावला. त्यात वेळेच्या आधी एक खूण येते: अधिक म्हणजे दहा मायक्रोसेकंदांच्या वर, उद्गारचिन्ह शंभराच्या वर, हॅश हजाराच्या वर. हॅशच हॅश.

## टप्पा ७: केप्रोब, व्हॅल्यू बघायची असेल तर

वेळ कळला, पण कुठली व्हॅल्यू आत येते हे बघायला कर्नल परत बिल्ड करायची गरज नाही. केप्रोब_इव्हेंट्समध्ये एक ओळ जोडायची, उदाहरणार्थ कोण कुठली फाइल उघडतंय ते बघायला: 'पी:उघड डू_सिस_ओपनॅट२ नाव=+०($आर्ग२):यूस्ट्रिंग'. पी म्हणजे फंक्शनच्या तोंडाशी, परतीच्या जागी बसवायचं तर आर आणि $रेटव्हॅल. यूस्ट्रिंगच लिहा, कारण ते नाव प्रोग्रामच्या मेमरीत आहे, कर्नलच्या नाही. मग इव्हेंट्स/केप्रोब्स/उघड/एनेबलमध्ये एक.

काढताना उलट्या क्रमाने. आधी एनेबलमध्ये शून्य, मग केप्रोब_इव्हेंट्स रिकामी. चालू प्रोब काढायला गेलात तर "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" येतं, आणि लोक घाबरून मशीन रीस्टार्ट करतात.

## टप्पा ८: स्वतःचा ट्रेसपॉइंट

प्रिंटके काढून टाकल्यावर ड्रायव्हरमध्ये काहीतरी खिडकी तर हवीच. तात्पुरतं हवं असेल तर ट्रेस_प्रिंटके, तो कन्सोलवर न जाता सरळ बफरमध्ये जातो. पण तो कोडमध्ये राहिला तर कर्नल मोठा चौकटीतला इशारा छापतो की हा डीबग कर्नल आहे, गिऱ्हाइकाकडे पाठवू नका. बरोबरच आहे.

कायमचं हवं तर ट्रेस_इव्हेंट मॅक्रो. कोऱ्या फाइलीपासून सुरू करू नका, सॅम्पल्स/ट्रेस_इव्हेंट्समधलं हेडर कॉपी करा आणि बदला. पाच भाग असतात: टीपी_प्रोटो आणि टीपी_आर्ग्स म्हणजे फंक्शनची सही, टीपी_स्ट्रक्ट__एंट्री म्हणजे बफरमध्ये काय साठवायचं, टीपी_फास्ट_असाइन म्हणजे ते भरायचं कसं, टीपी_प्रिंटके म्हणजे वाचताना दाखवायचं कसं.

चुका जिथे होतात ते सांगतो. हेडरचा गार्ड नेहमीसारखा साधा लिहिलात तर चालत नाही, त्यात "किंवा ट्रेस_हेडर_मल्टी_रीड" ही अट हवी, कारण ती फाइल मुद्दाम पुन्हा पुन्हा वाचली जाते. शेवटचा डिफाइन_ट्रेसचा इन्क्लूड गार्डच्या बाहेर हवा. आणि क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स हा डिफाइन फक्त एकाच सी फाइलीत, हेडर इन्क्लूड करायच्या आधीच्या ओळीत. दोन फाइलींत टाकलात तर लिंकर तेच नाव दोनदा सापडलं म्हणून ओरडतो, कुठेच टाकला नाही तर सापडलंच नाही म्हणून. मॉड्यूल वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर ट्रेस_इन्क्लूड_पाथ आणि मेकफाइलमध्ये सोर्स फोल्डरचा आय फ्लॅगही द्यावा लागतो.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे टीपी_प्रिंटकेमध्ये पॉइंटरच्या आत डोकावणं. हा भाग इव्हेंट घडताना चालत नाही, तुम्ही ट्रेस वाचता तेव्हा चालतो, कदाचित दहा मिनिटांनी, तोपर्यंत ती मेमरी सोडून दिलेली असू शकते आणि कर्नल तिथेच कोसळतो. जे हवं ते फास्ट_असाइनमध्ये कॉपी करून घ्या. स्ट्रिंगसाठी __स्ट्रिंग आणि __असाइन_स्ट्र आहेत, पण ६.१० पासून __असाइन_स्ट्र एकच आर्ग्युमेंट घेतो, जुना लेख बघून दोन दिलेत तर कंपाइल होणार नाही.

ट्रेसपॉइंटला द्यायची व्हॅल्यू काढायलाच वेळ लागत असेल तर ती ट्रेस_तुमचंनाव_एनेबल्ड() या अटीत गुंडाळा, म्हणजे बंद असताना फुकटची मेहनत होत नाही.

तपासा: मॉड्यूल लोड केल्यावर इव्हेंट्स फोल्डरमध्ये तुमच्या सिस्टिमच्या नावाचा फोल्डर यायला हवा. त्यातली फॉरमॅट फाइल उघडा, तुमची सगळी फील्ड बरोबर टाइपने दिसतायत का बघा.

## टप्पा ९: आवरणं आणि ट्रेस जपून ठेवणं

ट्रेसिंग_ऑनमध्ये शून्य, मग ट्रेस फाइल दुसरीकडे कॉपी करा, आणि मगच पुढचं, कारण ट्रेसर बदलला की आधीचा मजकूर जातो. नंतर करंट_ट्रेसरमध्ये नॉप, सेट_एफट्रेस_फिल्टर रिकामी, सेट_एफट्रेस_पीआयडी रिकामी, इव्हेंट्स/एनेबलमध्ये शून्य, केप्रोब्स काढा, बफर लहान करा, आणि ट्रेसिंग_ऑन परत एक करून ठेवा. शेवटचं राहिलं तर पुढच्या वेळी सगळं बरोबर लावूनही ट्रेस रिकामा दिसतो आणि माणूस फिल्टरला शिव्या देत बसतो.

एवढं सगळं हाताने नको असेल तर ट्रेस-सीएमडी वापरा, रेकॉर्ड, रिपोर्ट आणि शेवटी रीसेट. पण पहिले दोन-तीन वेळा फाइलींत हात घालूनच करा, नाहीतर अडकल्यावर काय अडकलंय तेच कळत नाही.

कोणाकडे ट्रेस पाठवणार असाल तर सोबत यूनेमचं आउटपुट, .कॉन्फिग, स्टॅट्समधले ओव्हररन आणि वापरलेले फिल्टर एका फोल्डरात घाला. विजयनगरवाल्या पोराने काल नव्याने ट्रेस पाठवला, फिल्टर लावून, छान चाळीस हजार ओळी, आणि त्यात कुठल्या कर्नलचा ते कुठेच नाही. आता परत फोन करतोय त्याला.